टाइप १ डायबेटिस आणि आई होण्याची तयारी: दिवस राहण्याआधीपासून बाळंतपणानंतरपर्यंत

टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा मधुमेह, असलेल्या मुलीचं लग्न ठरताना घरात आजही कुजबुज होते, हिला मूल होईल ना? होईल, आणि धडधाकट होईल. मात्र त्याची तयारी पाळी चुकल्यावर सुरू करून चालत नाही. ती किमान तीन ते सहा महिने आधी सुरू व्हायला हवी. या लेखात बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

मी शाळेत असल्यापासून इन्सुलिन घेते आणि एका मुलीची आई आहे. खाली लिहिलेले आकडे जगभरात डायबेटिसच्या डॉक्टरांकडे वापरले जातात तेच आहेत. तुमचे डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. हा लेख वाचून डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते तुम्हाला कळावं एवढा माझा हेतू आहे.

आधी का, नंतर का नाही?

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. तुमची शुगर २५० असेल तर बाळाचीही वाढते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे झाले की ते काम संपलेलं असतं. हृदयही त्याच सुमाराला घडत असतं. आपल्याकडे अनेक जणी पहिल्यांदा डॉक्टरकडे जातात त्या दुसरी पाळी चुकल्यावर. तोवर बाळाचे महत्त्वाचे अवयव जवळपास घडून झालेले असतात.

सर्वसाधारणपणे १०० बाळांमध्ये दोन-तीन बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. आईची शुगर त्या सुरुवातीच्या आठवड्यांत फार वाढलेली असेल तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. शुगर आटोक्यात असेल तर तो सर्वसाधारण पातळीच्या बराच जवळ येतो. गर्भपाताच्या धोक्याचंही असंच आहे.

म्हणून पहिलं पाऊल थोडं उलटं वाटेल: आकडे जागेवर येईपर्यंत दिवस राहू देऊ नका. कोणतं साधन वापरायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. कॉपर-टी आणि निरोध बहुतेकींना चालतात. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मात्र डोळे, किडनी किंवा रक्तवाहिन्यांवर डायबेटिसचा परिणाम झालेला असेल, किंवा डायबेटिस वीस वर्षांपेक्षा जुना असेल, तर टाळतात. सासरी "अजून काही नाही का?" असं कुणी विचारलं तर नवऱ्याने उत्तर द्यावं. डॉक्टरांनी तयारीला सहा महिने दिलेत, हे त्याच्या तोंडून आलं की विषय लवकर मिटतो.

एचबीएवनसी किती हवं?

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी. ती शक्य असेल तर ६.५ टक्क्यांच्या खाली. १०च्या वर असेल तर गर्भधारणा पुढे ढकलावी, असा स्पष्ट सल्ला दिला जातो. मधल्या टप्प्यात असाल तर निराश होऊ नका. ९.५ वरून ७.५ वर आलात तरी बाळाचा धोका खराखुरा कमी होतो. ६.५ गाठायच्या नादात दिवसाआड शुगर लो होत असेल, तर त्या आकड्याचा उपयोग नाही. तेव्हा डॉक्टरांशी बोलून तुमच्यापुरतं वेगळं उद्दिष्ट ठरवा.

महाराष्ट्रातल्या बायकांनी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. लोह कमी असल्यामुळे झालेल्या रक्तक्षयात एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. सिकलसेलमध्ये, म्हणजे विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत आढळणाऱ्या आजारात, हा आकडा भरवशाचा राहत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग एचबीएवनसीपेक्षा मीटरच्या किंवा अंगावर लावून सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदींवर भर देता येतो. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे हा आकडा तसाही थोडा खाली सरकतो. तेवढ्यावरून खूश होऊन रोजच्या नोंदी सोडू नका.

तपासण्या आणि बंद करायची औषधं

डोळ्यांपासून सुरुवात करा. चष्म्याचा नंबर तपासून भागत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घालून मागचा पडदा बघून घ्यायचा. शुगर झपाट्याने खाली आली की पडद्यावरचा जुना त्रास काही काळ वाढू शकतो, आणि गरोदरपणातही तो वाढतो. लेझर करायची गरज असेल तर ती दिवस राहण्याआधी उरकलेली बरी. नंतर गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत एकदा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं, पडदा पुन्हा बघायचा असतो.

किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, त्याबरोबर रक्तदाब. टाइप १ असणाऱ्यांमध्ये थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो, म्हणून टीएसएच. सिलिॲकची, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची, तपासणी कधीच झाली नसेल तर तीही करून घ्या. डायबेटिस खूप जुना असेल तर हृदयाबद्दलही विचारा.

आता औषधांची पिशवी टेबलावर ओता आणि एकेक नाव बघा. रक्तदाबासाठी किंवा किडनीच्या रक्षणासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी काही चालू असेल, तर ते गर्भासाठी घातक आहे. त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येतात. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सहसा थांबवतात. काही जणींना इन्सुलिनसोबत डॅपाग्लिफ्लोझिनही दिलेलं असतं, तेही बंद करावं लागतं. वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर ते किमान दोन महिने आधी थांबवायचं. यातलं काहीही मनाने बंद करू नका. डॉक्टर पर्यायी औषध देऊन बदल करतील.

इन्सुलिन मात्र बंद होत नाही, एका दिवसासाठीही नाही. रेग्युलर, एनपीएच, ॲस्पार्ट, लिस्प्रो, डेटेमिर, ग्लार्जिन ही सगळी गरोदरपणात वापरली जातात. डेग्लुडेकचाही गरोदर स्त्रियांमध्ये अभ्यास झाला आहे. "इन्सुलिन बाळाला बाधतं" असं शेजारची काकू सांगेल. तिला सांगा, ते बाळापर्यंत पोचतच नाही, पोचते ती साखर.

फॉलिक ॲसिडची नेहमीची गोळी डायबेटिसमध्ये पुरेशी धरत नाहीत. डॉक्टर बहुधा रोज ५ मिलिग्रॅम लिहून देतात. ती दिवस राहण्याच्या साधारण तीन महिने आधी सुरू करून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यायची. त्याच वेळी बी-१२ तपासून घ्या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात, आईचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त असताना जन्मलेली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला होणारा अवरोध जास्त आढळला होता. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते. म्हणून फक्त फॉलिक ॲसिड घेऊन थांबू नका.

भाकरीचं वजन करा

तयारीच्या महिन्यांत शिकायची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे कर्बोदकं मोजणं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. एका भाकरीचं ज्वारीचं पीठ ताटलीत घ्या आणि वजन करा. समजा ६० ग्रॅम भरलं, तर त्यात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं. ३० ग्रॅम कणकेचा फुलका असेल तर २० ग्रॅम. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा भिजवून खिचडी केली तर नुसत्या साबुदाण्यातूनच ४४ ग्रॅम, बटाटा वेगळा. २०० मिलिलिटर दुधात दहाएक ग्रॅम. आठवडाभर असं मोजलं की पुढे नजर बसते.

यावरून डोस कसा निघतो ते बघा. समजा तुमचं प्रमाण १० ग्रॅमला १ युनिट आहे. मग त्या एका भाकरीला ४ युनिट. सातव्या-आठव्या महिन्यात हेच प्रमाण ५ ग्रॅमला १ युनिट झालं, तर त्याच भाकरीला ८ युनिट लागतील. भाकरी बदललेली नाही, तुम्ही काही चुकलेल्या नाहीत, वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनचा परिणाम कमी करतात एवढंच. डोस दुप्पट झाला म्हणून रडणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. वाढलेला डोस हे वार नीट काम करत असल्याचं लक्षण आहे, हे त्यांना वेळेवर कुणी सांगायला हवं होतं.

कर्बोदकं फार तोडूही नका. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम लागतात, त्याखाली गेलात तर कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळू लागलं की रक्तात साचणारी आम्लं, वाढायला लागतात. वाटून खा, आणि सकाळच्या नाश्त्याला जपा, कारण सकाळी इन्सुलिन सगळ्यात कमी लागू पडतं. पोह्यांची भरलेली बशी खाऊन तासाभराने १४०च्या आत राहणं अवघड जातं. निम्मे पोहे आणि सोबत उकडलेलं अंडं, किंवा मुगाचं धिरडं आणि दही, असा नाश्ता मला सोपा गेला. दोन जिवांचं खायचं म्हणून ताट दुप्पट करायचं नसतं.

दिवस राहिल्यावर रोजचे आकडे

पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. साखर पाजून करायची गरोदरपणातली डायबेटिसची तपासणी तुम्हाला लागत नाही. रक्त घेणाऱ्याने ग्लुकोजचं पाणी पुढे केलं तर "मला टाइप १ आहे" असं स्पष्ट सांगा.

बहुतेक ठिकाणी सांगितली जाणारी उद्दिष्टं अशी, मिलिग्रॅममध्ये, म्हणजे आपल्या मीटरवर दिसतात तेच आकडे:

- उपाशीपोटी आणि जेवणाआधी ७० ते ९५
- जेवायला सुरुवात केल्यापासून एका तासाने ११० ते १४०
- दोन तासांनी १०० ते १२०

म्हणजे दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचणं आलं. परवडत असेल तर सेन्सर लावा, इथे पैसे घालणं मला सगळ्यात योग्य वाटतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्सेप्ट या अभ्यासात, सेन्सर वापरणाऱ्या टाइप १ गरोदर स्त्रियांची बाळं प्रमाणापेक्षा मोठी होण्याचं, नवजात अतिदक्षता विभागात जाण्याचं आणि जन्मल्यावर त्यांची शुगर पडण्याचं प्रमाण कमी आढळलं. सेन्सरवरची गरोदरपणाची पट्टी ६३ ते १४० अशी असते. दिवसाच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ त्या पट्टीत आणि ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ ६३च्या खाली राहायचं. ॲपमध्ये आधीपासून ७० ते १८० ही नेहमीची पट्टी असते, ती बदलून घ्या. कायम सेन्सर परवडत नसेल तर ज्या पंधरवड्यात डोस वेगाने बदलतायत तेवढ्यापुरता लावा, बाकीच्या दिवसांत मीटरच्या पट्ट्यांवर भागवा.

इन्सुलिनची गरज सरळ रेषेत वाढत नाही. अगदी सुरुवातीला ती किंचित वाढते. मग साधारण सातव्या ते पंधराव्या आठवड्यात घटते, आणि हाच काळ शुगर जोरात लो होण्याचा. सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला थोडी थोडी चढत जाते आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आधीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. नंतर ती स्थिर होते किंवा थोडी उतरते. शेवटच्या महिन्यांत जेवण नेहमीसारखं असूनही डोस अचानक बराच कमी लागायला लागला तर आनंदाने गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कधी कधी वार थकल्याची ती खूण असते.

दर आठवड्याला डोस बदलणार हे गृहीत धरा. डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा असेल तर मध्ये व्हॉट्सॲपवर नोंदी पाठवायची सोय पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. आणखी एक बदल लक्षात ठेवा. शेवटच्या तिमाहीत इन्सुलिन सावकाश लागू होतं. आधी जेवणापूर्वी पंधरा मिनिटं घेत असाल तर आता डॉक्टर अर्धा तास किंवा थोडं जास्त आधी घ्यायला सांगतील. पोटावर टोचायला हरकत नाही, सुई बाळापर्यंत जात नाही. फक्त जागा बदलत राहा, गाठी आलेल्या जागी टोचू नका.

बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. टाइप १ मध्ये गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा, धोका जास्त असतो आणि ॲस्पिरिनने तो कमी होतो. डॉक्टरांनी लिहिली नसेल तर आठवण करून द्या. सोनोग्राफीही जास्त वेळा होतात: सातव्या ते नवव्या आठवड्यात पहिली, अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान दुसरी, अठरा ते वीस आठवड्यांत अवयव बघायची, त्यानंतर बाळाच्या हृदयाची टूडी-इको, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून वाढ बघायला दर चार आठवड्यांनी.

शुगर लो झाली तर

पहिल्या तीन-चार महिन्यांत लो होण्याची चाहूलच लागत नाही असं बऱ्याच जणींचं होतं. घाम नाही, थरथर नाही, एकदम गोंधळल्यासारखं होतं. म्हणून उशाशी एक डबी ठेवा: ग्लुकोज पावडर, चमचा, पाण्याची छोटी बाटली, मीटर. मी झाकणावर "३ चमचे" असं मार्करने लिहून ठेवलं होतं, कारण त्या वेळी डोकं चालत नाही आणि नवराही झोपेत असतो.

७०च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट घेऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. स्कूटर काढण्याआधी शुगर बघा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकॅगॉनचं, म्हणजे शुगर वर आणणारं, इंजेक्शन असेल तर द्यायचं आणि १०८ला फोन करायचा. घरातल्या किमान दोघांना हे पाठ असू द्या. नवरा कामावर असताना घरी सासूबाईच असतात, तेव्हा त्यांना शिकवणं जास्त महत्त्वाचं.

उलट्या, कीटोन आणि इन्सुलिन न थांबवणं

उलट्या होत असताना "काही खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला?" असं वाटतं. चोवीस तासांचं इन्सुलिन थांबवायचं नाही. जेवणाचं इन्सुलिन हवं तर खाल्ल्यावर, अन्न पोटात टिकेल असं वाटल्यावर घ्यायचं, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. गरोदरपणात कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लयुक्त होण्याचा त्रास, लवकर होतो आणि शुगर फार वाढलेली नसतानाही होऊ शकतो. तो बाळाच्या जिवावर बेततो. म्हणून कीटोनच्या पट्ट्या घरात हव्यातच. शुगर दोन वेळा २००च्या वर, ताप, किंवा उलट्या, यातलं काहीही झालं की कीटोन तपासा. रक्तातला कीटोन ०.६च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करायचा, १.५ किंवा जास्त असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. लघवीच्या पट्टीवर गडद रंग आला तरी तेच.

उपास, ग्रहण आणि डोहाळजेवण

हरतालिकेचा निर्जळी उपास, वटपौर्णिमा, श्रावणी सोमवार, नवरात्र. मी स्वतः श्रद्धाळू आहे, तरीही सांगते, या नऊ महिन्यांत कडक उपास करू नका. उपाशी राहिलं की कीटोन वाढतात, आणि संध्याकाळी साबुदाण्याने उपास सोडला की शुगर २५०ला जाते. दोन्ही टोकं बाळाला सोसावी लागतात.

ग्रहणाचं मला जास्त काळजीचं वाटतं. गरोदर बाईने ग्रहणात खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, हलायचं नाही, काही कापायचं नाही, असं अजून अनेक घरांत पाळतात. इन्सुलिन घेतलेल्या बाईला तीन-चार तास असं बसवणं म्हणजे तिला लो होण्याच्या तोंडी देणं. घरात पटवणं जड जात असेल तर ग्रहणाच्या दहाएक दिवस आधी सासूबाईंना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोरच विचारा. नाहीच जमलं तर हाताशी ग्लुकोज आणि मीटर ठेवा, आणि ७०च्या खाली गेलं की कुणालाही न विचारता घ्या.

डोहाळजेवण मात्र मजेत करा. एखाद्या उकडीच्या मोदकाला किंवा छोट्या पुरणपोळीला कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेता येतं. ओटीत आलेले पाच प्रकारचे पेढे बाकीच्यांना वाटून टाका.

माहेरी जाणं आणि हॉस्पिटल

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. टाइप १ मध्ये याचा निर्णय पाचव्या महिन्यातच घ्या, सातव्यात नको. माहेरच्या गावात काय लागेल? चोवीस तास सिझेरियनची सोय, डायबेटिस सांभाळू शकणारे फिजिशियन आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग, हे तिन्ही एका छताखाली किंवा अगदी जवळ. हे नसेल तर आईलाच तुमच्याकडे बोलवा. घर सोडून येणं तिला जड जाईल, पण ते करण्यासारखं आहे.

जिथे जाल तिथे विसाव्या आठवड्याच्या आत एकदा दाखवून नाव नोंदवा. एका फाइलमध्ये दिवस राहण्याआधीचे डोस, सध्याचे डोस, डोळ्यांचा आणि किडनीचा अहवाल, सगळ्या सोनोग्राफी. दिवस राहण्याआधीचे डोस का लागतात, ते पुढे येईल. उन्हाळ्यात प्रवास असेल तर इन्सुलिन थर्मासमध्ये न्या, मात्र बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

बाळ लवकर होण्याची शक्यता असेल तर त्याच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्याने शुगर दोन-चार दिवस प्रचंड चढते, डोस बराच वाढवावा लागतो. ही इंजेक्शनं टाइप १ मध्ये दवाखान्यात राहूनच घ्या. सकाळी टोचून घरी पाठवत असतील तर थांबा आणि विचारा: शुगर कोण बघणार?

जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, तोंडावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काही झालं तर उद्यावर टाकू नका.

बाळंतपणाचा दिवस

सगळं ठीक असेल तर ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण ठरवतात. त्यापुढे वाट पाहणं टाइप १ मध्ये धोक्याचं असतं. टाइप १ म्हणजे सिझेरियनच असं नाही. बाळाचं वजन आणि तुमची तब्येत बघून ते ठरतं. कळांच्या काळात शुगर साधारण ७० ते १२६ दरम्यान ठेवतात, दर तासाला तपासून, सलाइनमधून ग्लुकोज आणि इन्सुलिन देऊन. स्वतःचा मीटर आणि पट्ट्या सोबत ठेवा, आणि तुमच्यासोबत असणाऱ्याला इन्सुलिनचं वेळापत्रक तोंडपाठ असू द्या.

वार पडली की इन्सुलिनची गरज काही तासांतच कोसळते, बहुधा दिवस राहण्याआधीच्या डोसच्याही खाली. म्हणून ते जुने डोस फाइलमध्ये हवेत. पहिल्या रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरने शेवटच्या महिन्याचा डोस भरला तर मोठा धोका होऊ शकतो. प्रसूतीनंतर काय डोस घ्यायचा, ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद केसपेपरला लावा.

बाळाची शुगर पहिल्या काही तासांत पडू शकते, कारण पोटात असताना त्याचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवत होतं. त्यावर पहिला उपाय आईचा चीक. पहिल्या तासाच्या आत बाळाला छातीशी घ्या. मध किंवा गुळाचं पाणी चाटवू नका, कुणालाही चाटवू देऊ नका. गुंतागुंत नसेल तर छत्तिसाव्या आठवड्यानंतर हाताने चीक काढून साठवता येतो. तुमच्या बाबतीत चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

घरी आल्यावर

अंगावर पाजताना शुगर खाली येते, विशेषतः रात्री. पाजायला बसण्याआधी काहीतरी खा, आणि ग्लुकोजची डबी आता पाळण्याजवळ हलवा. डिंकाचे, अळिवाचे लाडू मोजून खाता येतात. एक लाडू करताना पीठ आणि गूळ किती गेला ते आईला विचारा आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घ्या. शेक-शेगडी करत असाल तर पायांना भाजतंय हे कळतं ना, ते आधी बघा. जुन्या डायबेटिसमध्ये पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. आणि इन्सुलिन त्या उबदार खोलीत ठेवू नका.

सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्या. तेव्हाच थायरॉइड बघा, कारण टाइप १ मध्ये बाळंतपणानंतर तो बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं. गर्भनिरोधनाचंही तेव्हाच ठरवा. डोळ्यांचा पडदा वर्षभर लक्ष ठेवून तपासत राहा. रडू येत राहिलं, झोप लागत नसेल, बाळाजवळ जाववत नसेल, तर ते घरात आणि डॉक्टरांना सांगा. शुगरचे आकडे सांभाळून थकलेल्या बाईला हे जास्त होतं आणि त्यावर उपचार आहेत.

बाळालाही टाइप १ होईल का, हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. आईला टाइप १ असेल तर ही शक्यता १०० मुलांत साधारण दोन ते चार इतकी धरतात. वडिलांना असेल तर ती त्याहून जास्त. म्हणजे बहुसंख्य मुलांना होत नाही. दर महिन्याला त्याचं बोट टोचू नका. पण मूल अचानक खूप पाणी प्यायला लागलं, लघवीला सारखं जाऊ लागलं, गादी पुन्हा ओली करू लागलं आणि वजन उतरलं, तर त्याच दिवशी शुगर तपासा. मीटर तुमच्या घरात आहेच.